अतिशुद्ध सिलिकॉनमधली अशुद्धी मोजताना: वस्तुमानाच्या हिशेबापासून अणुभट्टीपर्यंत

सिलिकॉन-२८चा (सिलिकॉनच्या २८ वस्तुमानाच्या समस्थानिकाचा) एक किलोचा गोळा साधारण ९३.७ मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याचा व्यास लेसरने मोजायचा, स्फटिकातलं अणूंच्या थरांमधलं अंतर क्ष-किरणांनी मोजायचं, आणि भागाकार करून गोळ्यात अणू किती आहेत ते काढायचं. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर उभी आहे. ती व्याख्या प्रत्यक्षात उतरवण्याचे जे मोजके मार्ग आहेत, त्यांपैकी हा एक. भागाकार सरळ आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेलं आहे: स्फटिकातल्या प्रत्येक जागी सिलिकॉनचाच अणू बसला आहे. प्रत्यक्षात तिथे कुठे कार्बन बसलेला असतो, कुठे दोन अणूंच्या मध्ये ऑक्सिजन घुसलेला असतो, कुठे जागा रिकामीच असते. या पाहुण्यांची मोजदाद कशी करायची, ते क्रमाने पाहू.

पुरवठादाराच्या कागदावरचे 'नऊ' मोजून सुरुवात करू नका. 'दहा नऊ', 'अकरा नऊ' असली शुद्धता (म्हणजे टक्केवारीत ९९.९९… असे एकूण तितके नऊ) बहुतेक वेळा धातू आणि डोपंट (विद्युत गुणधर्म बदलणारी बोरॉन, फॉस्फरससारखी मूलद्रव्यं) यांच्यापुरती सांगितलेली असते. कार्बन आणि ऑक्सिजन त्यातून वगळलेले असतात, आणि आपल्याला सर्वांत जास्त छळतात ते नेमके हेच दोघे.

आधी कागदावर: किती अशुद्धी खुपते?

प्रयोगशाळेत पाऊल टाकण्याआधी अर्धा तास कॅल्क्युलेटर घेऊन बसा. सिलिकॉनमध्ये घन सेंटिमीटरमागे सुमारे ५ × १०^२२ अणू असतात. समजा कार्बन आहे १०^१५, म्हणजे पाच कोटी अणूंमागे एक. कार्बन सिलिकॉनची जागा घेतो, त्यामुळे त्या जागेवर २८ ऐवजी १२ एकक वस्तुमान उरतं, १६ एककांची तूट येते. एक किलोवर ही तूट होते सुमारे ११ मायक्रोग्रॅम. एकूण मोजमाप एका किलोत २० मायक्रोग्रॅमच्या आत बसवायचं असेल, तर हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

आता ऑक्सिजन. तो कुणाची जागा घेत नाही, अणूंच्या मध्ये शिरतो. म्हणून त्याचं पूर्ण १६ एकक वस्तुमान जादा पडतं. तेवढ्याच ऑक्सिजनने गोळा ११ मायक्रोग्रॅमने जड होतो. म्हणजे कार्बन आणि ऑक्सिजन समप्रमाणात असतील तर वस्तुमानाच्या बाबतीत एकमेकांना जवळपास फेडून टाकतात! पण या योगायोगावर विसंबू नका. दोघांच्या मोजमापातली अनिश्चितता एकमेकींना फेडत नाही.

याच हिशेबातून काही मूलद्रव्यांना सूट मिळते. ॲल्युमिनियम सिलिकॉनपेक्षा जेमतेम एका एककाने हलका, फॉस्फरस तीन एककांनी जड. अर्धवाहक बनवणाऱ्याची झोप उडवणारा फॉस्फरस इथे जवळपास निरुपद्रवी ठरतो. उलट सोनं, टंगस्टन, शिसं यांचा एकेक अणू महाग पडतो. धातूंसाठी एक सोपी खूण लक्षात ठेवा: ग्रॅममागे एक नॅनोग्रॅम म्हणजे किलोमागे एक मायक्रोग्रॅम. लोखंडाच्या बाबतीत हे प्रमाण घन सेंटिमीटरमागे २.५ × १०^१३ अणू भरतं, सोन्याच्या बाबतीत सुमारे ७ × १०^१२.

वस्तुमानाखेरीज दुसरी नोंदवही जालकाच्या, म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या नियमित मांडणीच्या, आकाराची. कार्बन लहान, तो आजूबाजूचं जालक आवळतो. ऑक्सिजन ते फुगवतो. घन सेंटिमीटरमागे १०^१५ कार्बन अणूंनी जालक-अंतर सुमारे ७ × १०^−९ एवढ्या सापेक्ष प्रमाणात घटतं, आणि आकारमान त्याच्या तिप्पट, म्हणजे वस्तुमानाच्या परिणामाहूनही जास्त. पण हा परिणाम तेव्हाच बोचतो, जेव्हा क्ष-किरणांनी मोजलेला तुकडा आणि गोळा यांच्यातली अशुद्धी वेगळी असते. म्हणून दोन्हींची अशुद्धी स्वतंत्र मोजावी लागते. नवखे लोक हे हमखास विसरतात.

नमुना कुठून कापायचा

फ्लोट-झोन पद्धतीने (कांडीतला एक अरुंद पट्टा वितळवून तो पुढे सरकवत) वाढवलेल्या स्फटिकात अशुद्धी सारखी पसरलेली नसते. वितळलेला पट्टा पुढे सरकतो तसा तो अशुद्धी आपल्याबरोबर ओढत नेतो. ती किती ओढली जाते हे वितरण गुणांक सांगतो: बोरॉनचा ०.८, फॉस्फरसचा ०.३५, कार्बनचा ०.०७, लोखंडाचा तर एक लाखांश किंवा त्याहून कमी. म्हणून लोखंड जवळजवळ सगळं शेपटाकडे जातं, कार्बन शेपटाकडे वाढत जातो, आणि बोरॉन मात्र झोन कितीही वेळा फिरवला तरी हलायला तयार नसतो.

याचा अर्थ एका जागच्या तुकड्यावरून अख्ख्या गोळ्याबद्दल बोलता येत नाही. गोळा ज्या भागातून कापणार त्याच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या घ्या, आणि प्रत्येक चकतीतून मध्याचा आणि कडेचा असे वेगळे नमुने काढा. प्रत्येक तुकड्यावर स्फटिकाच्या अक्षाची दिशा आणि बीजापासूनचं (स्फटिक ज्या टोकापासून वाढवला तिथपासूनचं) अंतर नोंदवा. गोळ्यातलं प्रमाण या बिंदूंमधून रेषा ओढूनच ठरवायचं असतं, कारण गोळा स्वतः कुणी कापू देणार नाही.

कार्बन, ऑक्सिजन, बोरॉन: इन्फ्रारेड

हलकी मूलद्रव्यं न्यूट्रॉनच्या पद्धतीला दाद देत नाहीत, त्यांना इन्फ्रारेड शोषणानेच पकडावं लागतं. खोलीच्या तापमानाला जागेवर बसलेल्या कार्बनची रेषा ६०५ प्रतिसेंमीच्या (एका सेंटिमीटरात बसणाऱ्या तरंगांच्या संख्येच्या) आसपास दिसते, मध्ये शिरलेल्या ऑक्सिजनची ११०७ला. शोषणगुणांकाला ठरलेल्या गुणकाने गुणलं की घनता मिळते: ऑक्सिजनसाठी ३.१४ × १०^१७, कार्बनसाठी ८.२ × १०^१६.

अडचण कुठे आहे ते आकड्यांतच दिसतं. ऑक्सिजन १०^१५ असेल तर शोषणगुणांक भरतो ०.००३ प्रतिसेंमी. एक सेंटिमीटर जाड नमुन्यातून येणाऱ्या प्रकाशात फक्त ०.३ टक्के खळगा. तो दिसायचा तर दोन्ही बाजू नीट पॉलिश केलेल्या हव्यात, उपकरणातली हवा कोरड्या नायट्रोजनने किंवा निर्वाताने हटवलेली हवी, आणि एकाच नमुन्याचे शेकडो स्कॅन जमा करायची तयारी हवी.

ऑक्सिजनसाठी जाड नमुना चालतो. कार्बनसाठी चालत नाही, कारण त्याच जागी सिलिकॉनच्या जालकाचा स्वतःचा मोठा शोषणपट्टा आहे, ६१० प्रतिसेंमीच्या आसपास. जाड नमुन्यातून त्या भागात प्रकाश जवळपास पोचतच नाही. म्हणून तिथे सुमारे २ मिलिमीटर जाडी ठेवतात आणि कार्बन नसलेल्या, तितक्याच जाडीच्या संदर्भ-नमुन्याचा वर्णपट वजा करतात.

समृद्ध सिलिकॉनवर, म्हणजे सिलिकॉन-२८चं प्रमाण वाढवलेल्या सिलिकॉनवर, काम करणाऱ्याने इथे जरा थांबावं. निसर्गातल्या सिलिकॉनमध्ये सुमारे ९२.२ टक्के सिलिकॉन-२८, ४.७ टक्के सिलिकॉन-२९ आणि ३.१ टक्के सिलिकॉन-३० असतं, सरासरी अणुभार २८.०८५५. समृद्ध स्फटिकात तो २७.९७७वर येतो. जालकाची कंपनं वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतात, म्हणून ६१०चा पट्टा सुमारे १.२ प्रतिसेंमीने वर सरकतो. मग नैसर्गिक सिलिकॉनचा संदर्भ-नमुना वजा केला की कार्बनच्या रेषेखाली एक खोटी नागमोडी लाट उरते आणि ती कार्बन म्हणून मोजली जाते. संदर्भ-नमुना त्याच समस्थानिकांचा हवा. व्यवहारात तो त्याच स्फटिकाच्या सर्वांत शुद्ध भागातून कापावा लागतो, आणि त्यात स्वतःचा किती कार्बन आहे हा प्रश्न पुन्हा उरतोच. जाड-पातळ नमुन्यांची जोडी करून तो आवळता येतो, सोडवता येत नाही.

बोरॉनसाठी नमुना १५ केल्व्हिनच्या खाली थंड करा. तिथे त्याची रेषा ३१९.६ प्रतिसेंमीला मिळते, फॉस्फरसची ३१६ला. ऑक्सिजनची रेषासुद्धा थंडीत ११३६ला सरकते आणि अरुंद होते, त्यामुळे ओळखायला सोपी जाते. मात्र खोलीच्या तापमानाचे गुणक थंड नमुन्याला लावू नका. दुसरी काळजी: बोरॉनची रेषा फक्त विद्युतदृष्ट्या उदासीन अणूच देतात. सोबत फॉस्फरस असेल तर काही बोरॉन अणू आयन होऊन अदृश्य होतात. मोजताना नमुन्यावर पांढरा प्रकाश सोडला की ते पुन्हा उदासीन होतात आणि खरी संख्या दिसते. नुसत्या रोधकतेवरून (वीजप्रवाहाला होणाऱ्या विरोधावरून) बोरॉन काढणारे इथेच फसतात, रोधकता दोघांची वजाबाकी सांगते, बेरीज नाही.

धातूंसाठी न्यूट्रॉन

धातू शोधायला आम्लात विरघळवून वस्तुमान-वर्णपटमापीत सोडणं हा मार्ग आहे. पण मग आम्ल, भांडं, हवा, हातमोजे या सगळ्यांतली अशुद्धी तुमच्या नमुन्यात मिसळते आणि मोजमाप नमुन्याचं न राहता स्वच्छतेचं होऊन बसतं. दुसरा मार्ग न्यूट्रॉन सक्रियणाचा: नमुना अणुभट्टीत ठेवला की त्यातले अणू न्यूट्रॉन पकडून किरणोत्सारी होतात, आणि त्यांच्या गॅमा किरणांवरून मूलद्रव्य ओळखता येतं. त्याचा मोठेपणा असा की, अणुभट्टीतून बाहेर आल्यावर लागलेला मळ किरणोत्सारी नसतो, आणि किरणोत्सारी नसलेलं काही डिटेक्टरला दिसत नाही. किलोग्रॅमसाठीच्या सिलिकॉनवर हे काम इटलीतल्या ट्युरिनच्या मापनसंस्थेने पाविया विद्यापीठाच्या २५० किलोवॉटच्या अणुभट्टीत केलं, आणि पुढे ऑस्ट्रेलियातल्या २० मेगावॉटच्या 'ओपल' अणुभट्टीतही केलं.

पायऱ्या अशा.

नमुना काही ग्रॅमचा घ्या. हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक आम्लाच्या मिश्रणात कोरून कापणीने बिघडलेला थर काढा, अतिशुद्ध पाण्यात धुवा, प्लास्टिकच्या चिमट्याने हाताळा. धातूचा चिमटा लागला तर तांबं, जस्त, क्रोमियम यांच्या सुंदर रेषा येतात आणि तुम्ही आठवडाभर चुकीच्या शोधाचा आनंद घेता. हायड्रोफ्लोरिक आम्ल असताना कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी हवं आणि एकट्याने काम करायचं नाही, यात तडजोड नाही.

नमुन्याबरोबर त्याच कुपीत ज्ञात प्रमाणाची मानकं ठेवा. मोजकी द्रावणं गाळणकागदावर थेंबाने सोडून वाळवलेली चालतात, किंवा सोनं आणि कोबाल्टच्या तारा ठेवून बाकीचं ज्ञात स्थिरांकांवरून काढता येतं. कुपीच्या वर-खाली न्यूट्रॉनचा प्रवाह वेगळा असतो, म्हणून प्रवाहदर्शक दोन्ही टोकांना ठेवा. भट्टीतली जागा शक्य तितकी थर्मल, म्हणजे मंद न्यूट्रॉनची, निवडा. वेगवान न्यूट्रॉन सिलिकॉन-२८चं ॲल्युमिनियम-२८ करतात, आणि नमुन्यातलं ॲल्युमिनियम न्यूट्रॉन पकडूनही तेच होतं. सिलिकॉनच्या ढिगाऱ्यात ॲल्युमिनियमचा शोध या पद्धतीने घेऊच नका.

भट्टीतून काढल्यावर नमुना पुन्हा कोरायचा. ही पायरी वगळली तर आधीची मेहनत वाया. भट्टीत असताना पृष्ठभागावर असलेला मळही किरणोत्सारी झालेला असतो, न्यूट्रॉनच्या धक्क्याने काही अणू आत रुतलेले असतात. काही दशक मायक्रोमीटरचा थर जाईपर्यंत कोरा, मगच वजन करा, कारण मोजले जाणार आहे ते उरलेलं वस्तुमान. हे सगळं अर्थात किरणोत्सर्ग-सुरक्षेच्या देखरेखीखाली, आणि वापरलेलं आम्लही किरणोत्सारी कचरा म्हणूनच टाकायचं.

आता वाट पाहणं. सिलिकॉन-३० न्यूट्रॉन पकडून सिलिकॉन-३१ होतं, अर्धायुष्य २.६२ तास. त्याचे वेगवान बीटा कण नमुन्यातच थांबताना गॅमा वर्णपटाची पार्श्वभूमी वर उचलतात. एका दिवसात ते सुमारे पावणेसहाशेवा हिस्सा उरतं, दोन दिवसांत तीन लाखाव्या हिश्श्याहूनही कमी. त्या दोन दिवसांत १२.७ तासांचं तांबं-६४ सात टक्क्यांवर आलेलं असतं, १५ तासांचं सोडियम-२४ अकरा टक्क्यांवर, पण २.७ दिवसांचं सोनं-१९८ साठ टक्के शाबूत. प्रत्येक मूलद्रव्याची मोजायची वेळ वेगळी, ती आधी ठरवून ठेवा. मँगनीज-५६चं अर्धायुष्य २.५८ तास, जवळपास सिलिकॉन-३१ इतकंच, म्हणून नैसर्गिक सिलिकॉनमध्ये कितीही थांबलात तरी पार्श्वभूमी त्याच्याबरोबरच ओसरत राहते. समृद्ध सिलिकॉनमध्ये मात्र सिलिकॉन-३० दशलक्षात एकाच्या पातळीवर असतं, आणि तिथे मँगनीज लगेच मोजता येतं.

मोजणी तीन फेऱ्यांत करतो. पहिली काही तासांत: मँगनीज, तांबं, सोडियम. दुसरी दोन-तीन दिवसांनी: सोनं, आर्सेनिक, टंगस्टन, लँथनम. तिसरी कित्येक आठवड्यांनी, तीही दिवसच्या दिवस चालणारी: लोखंड-५९ (४४.५ दिवस), क्रोमियम-५१ (२७.७ दिवस), जस्त-६५ (२४४ दिवस), कोबाल्ट-६० (५.२७ वर्षं). जर्मेनियम डिटेक्टरभोवती जाड शिशाचं कवच लागतंच.

वर्णपट वाचताना घाई नको. तांब्याची ५११ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टची रेषा ठळक दिसते, पण तिथे इतर सगळ्यांचे पॉझिट्रॉनही (इलेक्ट्रॉनची धनभारित जुळी) जमा होतात, त्यामुळे १३४६ची दुबळी पण खरी रेषा धरा. जस्ताची १११५.५ची रेषा स्कँडियमच्या ११२०.५ला चिकटून असते, आणि ११२०.३ला भिंतीतून येणाऱ्या बिस्मथ-२१४चीही एक रेषा आहे. नमुना नसताना तितकाच वेळ घेतलेला वर्णपट हाती असल्याशिवाय स्कँडियमचं नाव उच्चारू नका.

'सापडलं नाही' कसं लिहायचं

चांगल्या स्फटिकात बहुतेक मूलद्रव्यं सापडतच नाहीत. मापनशास्त्राच्या दृष्टीने काम इथूनच सुरू होतं. 'सापडलं नाही' म्हणजे शून्य नव्हे. पार्श्वभूमीचे मोजलेले अंक (डिटेक्टरने नोंदवलेल्या घटनांची संख्या) ब असतील तर रसायनशास्त्रज्ञ लॉइड करी यांनी १९६८मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार शोधमर्यादा २.७१ + ४.६५√ब अंकांची असते. ती घनतेत रूपांतरित करून लिहा. त्या मूलद्रव्याचं खरं प्रमाण शून्य आणि या मर्यादेच्या मध्ये कुठेही असू शकतं, कुठलीही जागा जास्त संभाव्य नाही. म्हणून अंदाज धरायचा मर्यादेच्या निम्मा, आणि प्रमाण अनिश्चितता मर्यादा भागिले √१२.

या मर्यादा मूलद्रव्यागणिक आश्चर्यकारक वेगळ्या असतात. सोन्याचा एकच समस्थानिक, तोही न्यूट्रॉन हावरेपणाने गिळणारा, त्यामुळे त्याची मर्यादा कमालीची खाली जाते. लोखंडाचा कामाला येणारा समस्थानिक, लोखंड-५८, नैसर्गिक लोखंडात फक्त ०.२८ टक्के. कॅल्शियमचा कॅल्शियम-४६ तर ०.००४ टक्के. म्हणून ग्रॅममागे एक नॅनोग्रॅम लोखंडाची मर्यादा मिळाली, तर गोळ्यावर ०.५ मायक्रोग्रॅम दुरुस्ती आणि ०.२९ मायक्रोग्रॅम अनिश्चितता नुसत्या अज्ञानापोटी बसते. मर्यादा ढोबळ असलेली चार-पाच मूलद्रव्यंच शेवटी सगळी अनिश्चितता खातात. ज्यादा भट्टी-वेळ त्यांच्यावर खर्च करा. सोन्याची मर्यादा दहापट खाली नेऊन टाळ्या मिळतील, किलोग्रॅमला काही मिळणार नाही. लोखंड अणूंच्या मध्ये बसतं की जागेवर, हेही ठरवून लिहा. मध्ये बसलं तर पूर्ण ५६ एकक जादा, जागेवर बसलं तर फक्त २८.

शेवटची बेरीज

एक कल्पित गोळा घेऊ, आकारमान ४३१ घन सेंटिमीटर. कार्बन ४ × १०^१४, ऑक्सिजन ३ × १०^१४, बोरॉन १०^१३, आणि रिकाम्या जागा ३ × १०^१४. प्रत्येकाला आकारमानाने, वस्तुमानातल्या फरकाने आणि अणुवस्तुमान एककाने (१.६६ × १०^−२४ ग्रॅम) गुणा. कार्बनमुळे ४.६ मायक्रोग्रॅम तूट, ऑक्सिजनमुळे ३.४ मायक्रोग्रॅम जादा, बोरॉनमुळे ०.१ तूट, रिकाम्या जागांमुळे ६.० तूट. एकूण ७.३ मायक्रोग्रॅमने गोळा निर्दोष स्फटिकापेक्षा हलका. तेवढं त्याच्या वस्तुमानात मिळवायचं आणि मगच अणू मोजायचे.

पहा, यादीत सर्वांत मोठा आकडा रिकाम्या जागेचा आहे. ती अशुद्धी नव्हे, म्हणून कोणतीही रासायनिक चाचणी ती दाखवणार नाही. तिच्यासाठी पॉझिट्रॉन सोडून ते किती वेळ जगतात ते पाहावं लागतं: रिकाम्या जागी अडकलेला पॉझिट्रॉन थोडा जास्त टिकतो. गोळ्याच्या पृष्ठभागावरचा नॅनोमीटरभर ऑक्साइडचा थर आणि त्यावर बसलेलं पाणी यांचा हिशेब याहून वेगळा, तो या बेरजेत मिसळू नका.

बेरीज झाल्यावर हाच तक्ता क्ष-किरणांनी मोजलेल्या तुकड्यासाठी पुन्हा करा आणि दोन्हींतला फरक जालक-अंतराच्या दुरुस्तीत टाका. उरलेल्या चकत्या फेकू नका. अक्षाची दिशा आणि बीजापासूनचं अंतर लिहून, न वापरलेल्या नमुन्यांसह वेगळ्या ठेवा. आज यादीत नसलेल्या एखाद्या मूलद्रव्याबद्दल पाच वर्षांनी कुणीतरी विचारतंच, आणि तेव्हा तो स्फटिक पुन्हा वाढवता येत नाही.